आभासी गडावरचे हवामान खऱ्या गडाशी जुळत नाही, तेव्हा दोष कुठे शोधावा

गेली तीन वर्षे आमचा छोटा गट सिंहगडाच्या आभासी दर्शनावर काम करत आहे. ज्यांच्या गुडघ्यांना आता गडाची चढण झेपत नाही, त्यांनी डोळ्यांवर हेडसेट लावावा आणि त्या घटकेला गडावर जे हवामान असेल त्याच हवामानात पुणे दरवाजातून आत शिरून कल्याण दरवाजापर्यंत फिरून यावे, एवढीच त्यामागची कल्पना आहे. गडाचे कडे, तटबंदी, देवटाके यांचे प्रतिरूप उभे करणे कष्टाचे होते, पण ते एकदा उभे राहिले की राहिले. हवामानाचे तसे नाही. गडावर धुके दाटलेले असताना आमच्या चित्रात लख्ख दिसते, ढग मध्येच आकाशभर उडी मारतात, दरवाजाच्या कमानीखाली उभे राहिले तरी अंगावर पाऊस पडतो, पाऊस थांबताच पायऱ्या कोरड्या होतात. दर पावसाळ्यात या तक्रारी नव्याने येतात.

अशी तक्रार आली की हात आपोआप पावसाच्या पार्टिकल सिस्टिमकडे, म्हणजे थेंबांचे असंख्य कण काढणाऱ्या भागाकडे जातो. थेंबांची संख्या वाढवली जाते, ढगांचे टेक्स्चर (त्यांच्यावर चढवलेले चित्र) बदलले जाते, धुक्याचा रंग उजळ केला जातो, आणि चार दिवसांनी तीच तक्रार परत येते. माझा अनुभव असा, की दोष बहुतेक वेळा चित्र काढणाऱ्या भागात नसतो. आलेल्या आकड्याचा अर्थ चुकीचा लावलेला असतो, किंवा जे काळागणिक साठत जाते त्याचा हिशेब दर क्षणी नव्याने मांडलेला असतो. असे चित्र उभे करणारे सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन, अनरियल असो, युनिटी असो वा गोडो, या दोन चुका सगळीकडे सारख्याच होतात, म्हणून पुढचे विवेचन कोणत्याही एका इंजिनाला बांधून घेतलेले नाही.

आधी आकडे डोळ्यांसमोर आणा

एक कळ दाबताच वाऱ्याची दिशा व वेग, दृश्यमानता, ढगांच्या तळाची उंची, तापमान, दवबिंदू, पावसाची तीव्रता आणि अहवालाची वेळ हे सगळे आकडे समोर तरंगतील, अशी पाटी पहिल्याच दिवशी करून ठेवावी. प्रत्येक आकडा दोनदा दाखवावा: हवामानाची माहिती देणाऱ्या सेवेकडून आला तसा, आणि आपल्या हिशेबातून गेल्यावर झाला तसा. ही पाटी नसताना केलेली दुरुस्ती म्हणजे अंधारात मारलेला दगड असतो.

त्यानंतर एक अहवाल गोठवून ठेवावा. विमानतळांवरून दर अर्ध्या किंवा एक तासाने निघणारा मेटार हा हवामानाचा अहवाल यासाठी सोयीचा, कारण तो आटोपशीर असतो आणि त्यातला प्रत्येक शब्द आंतरराष्ट्रीय संकेतांनी बांधलेला असतो. आम्ही चाचणीसाठी स्वतःच एक नमुना घडवला आहे: वारा २६० अंशांवरून १४ नॉट, दृश्यमानता ३००० मीटर, हलका पाऊस, १५०० फुटांवर आकाशाचा बराचसा भाग झाकणारे ढग, तापमान २५, दवबिंदू २२. थेट डेटा तोडून हा नमुना जोडावा. दोष तसाच राहिला तर तो चित्र काढणाऱ्या भागात आहे. नाहीसा झाला तर तो डेटा आणण्यात, वाचण्यात किंवा दोन अहवालांमधल्या संक्रमणात आहे. ही विभागणी करायला दहा मिनिटे लागतात, आणि ती न केल्यामुळे आमचे पहिल्या वर्षी तीन आठवडे गेले.

गड ढगात, आणि चित्रात ढग गडाच्या वर

सर्वांत जास्त वेळा आलेली आणि सर्वांत उशिरा उमगलेली तक्रार ही आहे. गडावरचे लोक फोनवर सांगत होते की चार पावलांपुढचे दिसत नाही. आमच्या चित्रात मात्र ढग डोक्यावर होते आणि समोरची दरी अगदी खडकवासल्यापर्यंत उघडी होती. अहवाल ताजा होता, आकडे बरोबर होते, आणि तरीही चित्र खोटे होते.

कारण उंचीत होते. मेटारमधली ढगांच्या तळाची उंची ही समुद्रसपाटीपासूनची नसते, ती विमानतळाच्या जमिनीपासूनची असते. पुण्याचा, म्हणजे लोहगावचा, विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटरवर आहे. नमुन्यातले १५०० फूट म्हणजे सुमारे ४५७ मीटर; दोन्ही मिळून ढगांचा तळ सुमारे १०४७ मीटरवर येतो. सिंहगडाचा माथा सुमारे १३०० मीटर उंच आहे. म्हणजे ज्या ढगांना लोहगावचा निरीक्षक मान वर करून पाहतो, त्यांच्याच पोटात गडाचे वरचे अडीचशे मीटर असतात. आमचा प्रोग्रॅम मात्र ते १५०० फूट कॅमेऱ्याच्या पायाखालच्या जमिनीपासून मोजत होता, त्यामुळे माणूस गड चढेल तसे ढगही त्याच्याबरोबर वर सरकत होते. ढग गडाला कधी शिवणारच नव्हते.

इथे एक पडताळा हाताशी असतो. तापमान आणि दवबिंदू यांतल्या फरकाच्या प्रत्येक अंशामागे ढगांचा तळ साधारण १२५ मीटर वर असतो. नमुन्यात फरक ३ अंश, म्हणजे ३७५ मीटर. त्यात ५९० मिळवले की ९६५ मीटर होतात. दोन्ही हिशेबांत ऐंशी-पंच्याऐंशी मीटरचा फरक राहिला तर समाधान मानावे. पाच-सहाशे मीटरचा फरक आला तर पायाची उंची चुकलेली आहे, किंवा फूट आणि मीटर यांची कुठेतरी अदलाबदल झालेली आहे. सह्याद्रीच्या उतारावर वर ढकलली जाणारी हवा पुष्कळदा याहूनही खालीच ढग धरते, म्हणून दोहोंपैकी खालचा आकडा आम्ही घेतो.

उपाय असा, की ढगांचा तळ एकदाच समुद्रसपाटीच्या मापात बदलून घ्यावा, आणि धुक्याची दाटी सगळ्या परिसराला एकच न ठेवता डोळ्याच्या उंचीवर अवलंबून ठेवावी. तळाच्या खाली अहवालातली दृश्यमानता, तळाच्या वर फक्त पन्नास ते दीडशे मीटर दृश्यमानता, आणि मध्ये पन्नासेक मीटरचा संक्रमणाचा पट्टा. पायथ्याच्या आतकरवाडीतून निघालेला माणूस आता हळूहळू ढगात शिरतो. आधी टीव्हीचा मनोरा नाहीसा होतो, मग वरचे वळण, आणि मग पुढच्या माणसाची पाठ. मात्र आकाशातल्या घन, म्हणजे त्रिमितीय, ढगांचा जो थर इंजिन काढते, त्याच्यावरच हे काम सोपवू नये. तो दुरून पाहण्यासाठी असतो. कॅमेरा त्याच्या आत गेला की प्रकाशाचे नमुने अपुरे पडून दाणेदार, लुकलुकते चित्र येते, आणि हेडसेटमध्ये दोन डोळ्यांना दोन वेगळी लुकलुक दिसून डोके दुखू लागते. जवळच्या धुक्यासाठी उंचीनुसार बदलणारे साधे धुके वापरावे आणि घन ढगांचा थर त्या वेळी विरळ करत न्यावा.

आता दृश्यमानता. धुक्याच्या दाटीची सरकपट्टी डोळ्याच्या अंदाजाने हलवणे हा दोषाचा दुसरा उगम आहे. हवामानशास्त्रज्ञ कोश्मिडर यांनी १९२४ साली मांडलेले सूत्र इथे थेट उपयोगी पडते: प्रकाश विरळ होण्याचा गुणांक म्हणजे ३.९१२ भागिले दृश्यमानता. २०० मीटर दृश्यमानता असेल तर गुणांक दर मीटरला सुमारे ०.०१९६ येतो, आणि पन्नास मीटरवरच्या बुरुजाचा सुमारे ३८ टक्के ठसा, म्हणजे मागच्या आकाशातून उठून दिसणे, उरतो. अनरियलमध्ये लांबी सेंटिमीटरमध्ये मोजली जाते आणि युनिटी व गोडोमध्ये मीटरमध्ये, त्यामुळे दुसऱ्या इंजिनातला आकडा तसाच उचलला की धुके शंभरपट दाट किंवा शंभरपट विरळ होते.

या सूत्रात एक फसवी जागा आहे. मेटारमध्ये ९९९९ असे लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ दृश्यमानता १० किलोमीटर आहे असा होत नाही, १० किलोमीटर किंवा त्याहून जास्त आहे असा होतो. आम्ही सूत्रात सरळ १० किलोमीटर घातले होते. गडावरून राजगड हवाई अंतराने सुमारे १५ किलोमीटरवर आहे. त्या हिशेबाने त्याचा ठसा एक टक्क्याच्याही खाली जातो, म्हणजे राजगड दिसतच नाही. पावसाने धुतलेल्या स्वच्छ सकाळी, जेव्हा राजगड आणि तोरणा हात लांब केला तर लागतील असे वाटतात, नेमके तेव्हाच आमच्या चित्रातून ते गायब असायचे. ९९९९ आले आणि धुरकटपणाची नोंद नसली, तर आम्ही आता ४० किलोमीटर धरतो. राजगडाचा सुमारे २३ टक्के ठसा उरतो आणि तो निळसर, मऊ, पण ओळखू येईल असा दिसतो.

दिशा, वेळ आणि एकके

एका चाचणीला गडाच्या पायथ्याशी लहानाचे मोठे झालेले एक आजोबा आले होते. हेडसेट लावून ते तानाजी कड्यापाशी बराच वेळ उभे राहिले आणि मग शांतपणे म्हणाले, "अहो, पावसाळ्यात ढग पानशेतच्या अंगानं यायला हवेत. हे तर पुण्याकडनं येताहेत." आमच्यापैकी कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते.

हवामानशास्त्रात वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिकडून येतो ती दिशा. २६० अंश म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा. इंजिनातला वाऱ्याचा बाण मात्र वारा जिकडे जातो तिकडे रोखलेला असतो, त्यामुळे १८० अंश मिळवल्याशिवाय आकडा वापरता येत नाही. शिवाय उत्तर म्हणजे कोणता अक्ष, हे प्रकल्पात एकाच ठिकाणी ठरवून लिहून ठेवावे. अनरियल व युनिटीची अक्षव्यवस्था डावखुरी आहे आणि गोडोची उजवी, त्यामुळे एकीकडचा कोड दुसरीकडे नेला की पूर्व-पश्चिम आरशातल्यासारखी उलटते आणि दोष पहिल्या नजरेला दिसत नाही. दोन अहवालांच्या मधल्या काळातली दिशा काढताना अंशांची सरासरी घेऊ नये. ३५० वरून १० अंशांकडे जाताना ती १८० मधून जाते, म्हणजे उत्तरेचा वारा काही क्षण दक्षिणेचा होतो. वाऱ्याचे पूर्व आणि उत्तर असे दोन घटक करून त्यांचे संक्रमण करावे.

वेळेचा दोष त्याहून साधा आहे आणि तरी पुन्हा पुन्हा होतो. मेटारची वेळ जागतिक समन्वित वेळेत असते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. तासांचा पूर्णांक गृहीत धरणाऱ्या एखाद्या जुन्या फंक्शनने तो अर्धा तास गाळला, तर सूर्य साडेसात अंशांनी सरकतो. दुपारी ते कळत नाही. सूर्यास्ताच्या वेळी मात्र कड्यावर अजून ऊन असायला हवे तिथे अंधार पडतो.

एककांबाबत एवढेच सांगतो, की मेटारमध्ये वारा नॉटमध्ये असतो, ओपन-मेटिओ सेवा मुद्दाम काही न मागितल्यास तो ताशी किलोमीटरमध्ये देते, आणि ओपनवेदरकडे मेट्रिक मापे मागितली की तो सेकंदाला मीटरमध्ये येतो. १४ नॉट म्हणजे सेकंदाला ७.२ मीटर. तेच १४ जसेच्या तसे सेकंदाला मीटर समजले तर झाडे दुप्पट वाऱ्यात झोडपली जातात.

ढगांची उडी

नवा अहवाल येतो आणि त्याच क्षणी आकाशातले सगळे ढग झटकन दुसरीकडे जाऊन बसतात. हेडसेट लावलेल्या माणसाला हे फार जाणवते, पायाखालची जमीन सरकल्यासारखे वाटते. पुष्कळांनी यावर जुने आणि नवे आकाश एकमेकांत विरघळवण्याचा उपाय केलेला आहे. त्याने उडी मऊ होते, जात नाही. शिवाय ढग एका जागी विरून दुसरीकडे उगवतात, असे खरे आकाश कधी करत नाही.

मूळ एका गुणाकारात असते. ढगांच्या टेक्स्चरचे सरकणे 'वाऱ्याचा वेग गुणिले कार्यक्रम सुरू झाल्यापासूनचा वेळ' असे लिहिलेले असते. वेग कायम असेपर्यंत हे बरोबर चालते. एक तास झाल्यावर, म्हणजे ३६०० सेकंदांनी, वेग सेकंदाला ८ मीटरवरून ९ मीटर झाला, तर त्या एका फ्रेममध्ये, म्हणजे हलत्या चित्रमालिकेतल्या एका चित्रात, ढग ३६०० मीटर पुढे जातात, कारण नवा वेग गेल्या पूर्ण तासाला लावला जातो. दिशा बदलली तर गोष्ट आणखी बिघडते. उपाय एका ओळीचा आहे: सरकणे हे साठवलेले मूल्य ठेवावे आणि प्रत्येक फ्रेमला त्यात 'आत्ताचा वेग गुणिले या फ्रेमचा वेळ' एवढेच मिळवावे. पाण्यावरचे तरंग, गवताची लाट, झाडांचे डोलणे, जिथे जिथे वेळेला बदलत्या संख्येने गुणले आहे तिथे तिथे हाच दोष दबा धरून बसलेला असतो. आम्हाला तो एकूण पाच ठिकाणी सापडला.

याचाच भाऊबंद असलेला एक दोष मोबाइलच्या चिपवर चालणाऱ्या हेडसेटमध्ये दिसतो. सुरुवातीला सगळे सुरळीत असते आणि काही मिनिटांनी ढग व तरंग गचके खाऊ लागतात. कार्यक्रम बंद करून पुन्हा सुरू केला की बरे वाटते, त्यामुळे संशय तापलेल्या उपकरणावर जातो. खरे कारण असे, की शेडरमध्ये, म्हणजे चित्रातल्या प्रत्येक बिंदूचा रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, वेळ अर्ध्या अचूकतेच्या, म्हणजे १६ बिटांच्या संख्येत ठेवलेला असतो. तिच्यात अपूर्णांकासाठी दहाच बिट असतात. २५६ सेकंदांच्या पुढे तिला पाव सेकंदापेक्षा लहान पाऊल टाकता येत नाही, आणि १०२४ सेकंदांनंतर, म्हणजे सतरा मिनिटांनी, ती पूर्ण एकेक सेकंदाने पुढे जाते. ३२ बिटांची संख्या पुष्कळ तग धरते, पण सभागृहात दिवसरात्र चालू ठेवलेल्या यंत्रावर २४ तासांनंतर तिचेही पाऊल सुमारे ८ मिलिसेकंदांचे होते, आणि ९० हर्ट्झच्या हेडसेटला एका फ्रेमसाठी मिळतात जेमतेम ११ मिलिसेकंद. म्हणून साठवलेले सरकणे टेक्स्चरच्या एका फेऱ्याएवढे झाले की शून्यावर आणावे, आणि हा हिशेब शेडरमध्ये न करता मुख्य प्रोग्रॅममध्ये करून तयार मूल्य शेडरला द्यावे.

कमानीखाली पाऊस

पावसाचे थेंब छपराला अडवण्यासाठी बहुतेक जण कॅमेऱ्याच्या डेप्थ बफरशी (दिसणारी प्रत्येक वस्तू किती दूर आहे याच्या नोंदीशी) टक्कर तपासतात, कारण ती सोय तयार मिळते आणि स्वस्त असते. पण त्या बफरला कॅमेरा जे पाहतो तेवढेच माहीत असते. पुणे दरवाजाच्या कमानीखाली उभे राहून समोर पाहिले, तर डोक्यावरची कमान चित्रात नसते. जे चित्रात नाही ते थेंबाला अडवणार कसे? मान वर केली की पाऊस थांबतो आणि खाली केली की सुरू होतो, हे लक्षण दिसले की निदान झाले असे समजावे.

यावर सावलीसाठी वापरतात तीच युक्ती वापरावी. वरून खाली पाहणारा एक समांतर प्रक्षेपाचा (दूरची वस्तू लहान न दाखवणारा) कॅमेरा ठेवावा, त्याने फक्त खोली नोंदवावी, आणि थेंबाची जागा त्या नोंदीच्या खाली गेली की तो थेंब लपवावा. गोडो ४ मध्ये कणांच्या टकरीसाठी हाइटफील्डची, म्हणजे वरून मोजलेल्या उंचीच्या नकाशाची, तयार सोय आहे. इतरत्र ती थोड्या श्रमाने करता येते. गडाच्या भिंती हलत नाहीत, म्हणून ही नोंद दर फ्रेमला न करता माणूस काही मीटर सरकल्यावरच करावी, म्हणजे खर्च नगण्य राहतो.

मात्र तो कॅमेरा अगदी उभा ठेवला तर दुसरी तक्रार उभी राहते: वारा कितीही असला तरी कमानीखाली पाणी येत नाही, आणि पावसाळ्यात गडावर गेलेल्या कोणालाही ते पटत नाही. पाऊस तिरका पडतो, तेव्हा कॅमेराही पावसाच्याच दिशेने तिरका हवा. किती तिरका, ते थेंबाच्या आकारावर ठरते. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने पडतो; वारा सेकंदाला १० मीटर असेल तर तो उभ्या रेषेपासून ५७ अंश कलतो. ढगात असताना गडावर जी भुरभुर असते तिचे थेंब अर्ध्या मिलिमीटरचे किंवा त्याहून बारीक, पडण्याचा वेग सेकंदाला जेमतेम दोन मीटर, म्हणजे त्याच वाऱ्यात त्यांचा कल ७९ अंशांवर जातो आणि पाऊस जवळपास आडवा येतो. कल्याण दरवाजाच्या बाहेर कड्याच्या काठावर उभे राहिलेल्यांनी तो खालून वर येतानाही अनुभवला असेल, कारण कड्याला धडकलेला वारा वर चढतो आणि बारीक थेंबांना बरोबर घेऊन येतो. सगळ्या पावसाला एकच वेग देणाऱ्या पार्टिकल सिस्टिममध्ये हे कधीच उतरत नाही. आम्ही आता दोन वेगळ्या सिस्टिम ठेवतो, सरीची आणि भुरभुरीची, आणि काठाजवळ वाऱ्याला वरचा घटक देतो. पाहणाऱ्यांनी हे न सांगता ओळखले, याचा मला फार आनंद झाला.

थेंबांच्या संख्येमागे धावू नये. मार्शल आणि पामर यांनी पावसाच्या थेंबांच्या आकारांबद्दल १९४८ साली दिलेल्या सूत्राप्रमाणे ताशी १० मिलिमीटर पावसात एका घनमीटरमध्ये एक मिलिमीटरपेक्षा मोठे असे अडीचशेच्या आसपास थेंब निघतात, म्हणजे दहा मीटर बाजूच्या घनात अडीच लाख. तेवढे काढण्याची गरज नाही. चार-पाच मीटरच्या आत खरे कण, त्यापलीकडे सरकते पडदे, आणि त्याहून दूर नुसती घटलेली दृश्यमानता पुरते. थेंबाची रेघ किती लांब, हे मात्र मोजून ठरवावे: सेकंदाला साडेसहा मीटर वेगाचा थेंब एका सेकंदाच्या साठाव्या भागात ११ सेंटिमीटर सरकतो. मीटरभर लांबीच्या पांढऱ्या रेघा काढल्या की पाऊस सुयांसारखा दिसतो. आणि काचेवर ओघळणारे थेंब हेडसेटमध्ये दाखवूच नयेत. माणसाच्या डोळ्यासमोर काच नसते.

ओल ही मागच्या काही तासांची गोष्ट आहे

चार वाजता कोणी हेडसेट लावतो. साडेतीनला गडावरचा पाऊस थांबलेला आहे. अहवालात पाऊस नाही, म्हणून आमच्या पायऱ्या कोरड्या ठणठणीत. हा दोष शेडर कितीही चांगला केला तरी जाणार नाही, कारण ओल आत्ताच्या अहवालात नसतेच, ती आधीच्या अहवालांमध्ये असते. कार्यक्रम सुरू होताना मागच्या सहा तासांचे अहवाल क्रमाने घ्यावेत, प्रत्येकातून ओल किती वाढली आणि किती सुकली याचा भराभर हिशेब करावा, आणि तिथून चित्र सुरू करावे. डबकी आणि कड्यांवरचे ओहळ यांनाही हेच लागू आहे.

सुकण्याचा वेग ठरावीक ठेवू नये. तो हवेतल्या आर्द्रतेवर सोडावा: तापमान २५ आणि दवबिंदू २२ म्हणजे सापेक्ष आर्द्रता सुमारे ८३ टक्के, त्या हवेत दगड सावकाश सुकतो, आणि गडाचा माथा ढगात असेल तर आर्द्रता शंभर टक्के धरावी, म्हणजे पाऊस नसतानाही काहीच सुकणार नाही. दगड भिजताना आधी नुसता काळवंडतो, चमक त्यानंतर येते आणि पाणी सर्वांत शेवटी साठते. सुकताना पायरीचा झिजलेला मधला भाग बराच वेळ ओला राहतो आणि कडा आधी उजळतात. काळवंडणे, चमक आणि साठलेले पाणी यांना तीन वेगळी मूल्ये दिली तरच हे जमते, एकाच सरकपट्टीवर तिन्ही चालवली की दगडाला प्लास्टिकची कळा येते. कमानीखालचा कोरडा भाग ठरवण्यासाठी पावसाच्या कॅमेऱ्याची तीच खोलीची नोंद वापरावी, मात्र कडा पसरट करून, कारण उडालेले शिंतोडे हातभर आत येतातच.

पूर्ण झाकलेल्या आकाशाखाली ठळक सावल्या राहिल्या तर ओल, धुके, पाऊस सगळे बरोबर असूनही चित्र खोटे वाटते. थेट उन्हात जमिनीवर एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो, दाट ढगांखाली तो दहा हजारांवर किंवा त्याहूनही खाली येतो, आणि येतो तो सगळीकडून. ढगांचे प्रमाण वाढेल तसा सूर्याचा दिवा मंद आणि आकाशाचा वाटा मोठा झालाच पाहिजे. धुक्याचा रंगही त्या क्षणीच्या आकाशातून घ्यावा, हाताने भरलेला करडा ठेवू नये.

अहवाल येणे थांबले तर

पावसाळ्यात नेट जाते, सेवा बंद पडते, किंवा जुनाच अहवाल पुन्हा पुन्हा मिळत राहतो. आमच्या एका स्रोताने दिवसभर सकाळचाच अहवाल दिला होता आणि प्रोग्रॅम तो उतरवून घेतल्याची वेळ पाहून ताजा समजत राहिला. ताजेपणा नेहमी अहवालातल्या निरीक्षणाच्या वेळेवरून ठरवावा. ती वेळ दीड तासापेक्षा जुनी झाली, की जवळचे दुसरे केंद्र किंवा संगणकी हवामान-प्रतिरूपाचा अंदाज घ्यावा. मात्र जीएफएससारख्या जागतिक हवामान-प्रतिरूपाचे आकडे पाव अंशाच्या, म्हणजे सुमारे २८ किलोमीटरच्या जाळीवर मिळतात आणि ते सहा तासांतून एकदा चालवले जाते. लोहगाव ते सिंहगड हे हवाई अंतरच सुमारे ३० किलोमीटर आहे. गडाची उंची अशा जाळीत सपाट होऊन जाते, त्यामुळे तिथून आलेले तापमान उंचीच्या फरकाने, दर किलोमीटरला साडेसहा अंश या हिशेबाने, सुधारून घ्यावे आणि ढगांच्या तळाचा हिशेब पुन्हा वर दिल्याप्रमाणे करावा. तेही मिळाले नाही तर शेवटचे हवामान तसेच ठेवावे, वारा आणि ढग चालू राहू द्यावेत, पण पाटीवर निरीक्षणाची वेळ भारतीय प्रमाणवेळेत, पाहणाऱ्याला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात दिसू द्यावी.